जाळं फाडणारा संगमरवर

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, तोस्काना प्रांतात, तालामोने नावाचं एक लहानसं मच्छीमार गाव आहे. या गावासमोरच्या समुद्रतळावर संगमरवराची शिल्पं पडून आहेत. कुठे माणसाच्या उंचीला मागे टाकणारा एखादा चेहरा, कुठे अर्धवट कोरलेली आकृती, कुठे नुसता तासलेला प्रचंड ठोकळा. ती कुठल्या फुटक्या जहाजातून सांडलेली नाहीत. क्रेनने उचलून, जागा हेरून, मुद्दाम खाली सोडलेली आहेत. त्यांना नेमून दिलेलं काम एकच आहे : रात्री चोरून येणाऱ्या ट्रॉलरचं जाळं अडवायचं, आणि अडलं की फाडायचं.

यामागे पाओलो फानचुल्ली नावाचा मच्छीमार आहे. वयात आल्यापासून याच पाण्यात मासे धरणाऱ्या या माणसाला १९८० च्या दशकात दिसायला लागलं की आपल्या जाळ्यात येणारा मासा दरवर्षी कमी होतो आहे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तळाशी ओढत न्यायचं ट्रॉलचं जाळं जड असतं. त्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या आणि खालचा साखळदंड तळ खरवडत पुढे जातात. भूमध्य समुद्रात पॉसिडोनिया नावाची एक वनस्पती आहे. दिसायला ते शेवाळ वाटेल, पण ती फुलं येणारी, मुळं धरणारी पाणवनस्पती आहे. तिच्या कुरणांत मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, मुळांमुळे वाळू जागेवर राहते. हे कुरण वर्षाला काही सेंटिमीटर इतक्याच वेगाने पसरतं. ट्रॉल एका रात्रीत जे उपटून नेतं, ते परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनी भूमध्य समुद्रात किनाऱ्यालगत, साधारण ३ सागरी मैलांच्या आत, अशा ओढजाळ्यांना बंदी केली. बंदी कागदावर होती आणि ट्रॉलर पाण्यात होते. रात्रीच्या अंधारात इतक्या लांब किनाऱ्यावर गस्त घालणार कोण?

त्याच सुमारास त्या भागात काँक्रीटचे ठोकळे टाकून झाले होते. पण ते विरळ होते, त्यांच्यामधून वाट काढणं कठीण नव्हतं. मग फानचुल्लीच्या मनात संगमरवर आला. संगमरवरासाठी जगात जिथे जावं ते कॅरारा तिथून दूर नाही. मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या एका खाणीच्या प्रमुखाकडे त्याने दोन ठोकळे मागितले, आणि त्याला शंभर मिळाले. ब्रिटिश शिल्पकार एमिली यंग आणि इटलीतले बरेच शिल्पकार पुढे आले. २०१५ मध्ये पहिली शिल्पं पाण्यात गेली आणि ‘माशांचं घर’ या नावाने हा प्रकल्प ओळखला जाऊ लागला. फानचुल्ली पर्यटकांना आपल्या होडीतून मासेमारी दाखवायला नेतो, त्यांना जेवू घालतो, आणि त्यातून पुढच्या शिल्पांसाठी पैसे जमवतो.

या प्रकल्पातली मला सगळ्यात भावणारी गोष्ट त्या दगडाच्या वयात आहे. कॅराराचा संगमरवर मुळात सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी एका उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडीचा गाळ. शंखशिंपल्यांचा, सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना. पुढे पर्वत घडताना तो दाबला गेला, तापला, स्फटिकांचा झाला आणि डोंगरावर चढून बसला. समुद्राने रचलेलं ते द्रव्य आता शिल्पकाराचा हात लागून समुद्रात परत गेलं आहे. शैवाल, स्पंज आणि कवचं बांधणारे जीव त्याला परकं मानत नाहीत.

आता एक सरळ प्रश्न विचारला पाहिजे. जाळं अडवायला नुसता ठोकळाही पुरतो. माशाला एमिली यंग ठाऊक नाही. मग कोरायचं कशाला?

एक उत्तर व्यवहाराचं आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. साधा ठोकळा कुणी हलवला, फोडला, तर त्याची बातमी होत नाही. नावाजलेल्या कलावंताच्या शिल्पावर ट्रॉलर घातला तर ती वर्तमानपत्रात येते. बेकायदा मासेमारी अंधारावर आणि दुर्लक्षावर जगते. शिल्पामुळे त्या तळाला एक पत्ता मिळतो. लोक विचारू लागतात, तिथे काय आहे, कुणी ठेवलं, का ठेवलं. दुसरं उत्तर मात्र मला अधिक महत्त्वाचं वाटतं. महिनोन्‌महिने खपून कोरलेली आकृती, फार थोड्या डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी कायमची सोडून देणं, ही त्या जागेला दिलेली किंमत आहे. आपल्या जुन्या देवळांत शिखराच्या मागच्या बाजूलाही, जिथे भाविकाची नजर पोचत नाही तिथेही, शिल्पी तितक्याच मनाने कोरत असत. तालामोनेच्या शिल्पकारांनी तो मान समुद्रतळाला दिला. ज्या तळाला आपण आजवर कचऱ्याची जागा समजत आलो, त्याला.

किनाऱ्यावरच्या बहुतेक शिल्पांचा विचार याच्या बरोबर उलट्या दिशेने होतो. ती जमिनीवरच्या माणसासाठी असतात आणि समुद्र त्यांची पार्श्वभूमी असतो. आपल्याकडे तर विषय निघाला की पहिली चर्चा उंचीची. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. महाराष्ट्राला ते जिव्हारी लागलं, लागायलाच हवं होतं. आता तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा आहे. जबाबदारी कुणाची याची चर्चा खूप झाली. पण त्या किनाऱ्यावरचं खारं वारं, पावसाळ्यातली झोड, लोखंडाला महिन्याभरात चढणारा गंज यांची माहिती मालवणातल्या कुठल्याही होडीवाल्याला आहे. समुद्राजवळ काही उभं करायचं तर त्या माणसाला आधी विचारावं, ही साधी रीत आपण सोडून दिली आहे.

शिल्प समुद्राच्या हाती दिलं की तो त्याचं काय करतो, हे इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीच्या पुळणीवर दिसतं. अँटनी गॉर्मली यांच्या ‘अनदर प्लेस’ या कृतीतले बिडाचे १०० पुरुष तिथे २००५ पासून क्षितिजाकडे तोंड करून उभे आहेत. प्रत्येकाचं वजन सुमारे ६५० किलो, आणि सगळे शिल्पकाराच्याच देहाच्या साच्यांतून ओतलेले. जवळपास ३ किलोमीटर लांबीत ते विखुरले आहेत. ओहोटीला सगळे उघडे पडतात, भरतीला पुढचे बुडतात. हे मुळात तात्पुरतं प्रदर्शन होतं, पण गावकऱ्यांचा जीव जडला आणि २००७ मध्ये ते कायमचं ठेवायचं ठरलं. खोल पाण्याकडच्या पुतळ्यांवर हळूहळू बार्नेकलचे थर चढले. हे जीव कठीण पृष्ठभाग मिळाला की चिकटतात. आपल्या खडपांवर पाय कापणारी जी खरखरीत पांढरी कवचं असतात, ती यांच्याच जातकुळीतली. क्रॉस्बीचा किनारा वाळूचा आणि चिखलाचा, त्यांना तिथे बसायला जागाच नव्हती. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा या पुतळ्यांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून आलेल्या एका परक्या जातीचं मोठं बस्तान आढळलं. जिला एरवी या वाळूवर थारा मिळाला नसता, तिला शिल्पांनी पायऱ्या करून दिल्या.

हे उदाहरण मी मुद्दाम इथे सांगतो आहे. ‘समुद्रात शिल्प ठेवलं, जीवसृष्टी बहरली’ असं वाक्य फार सहज लिहिलं जातं. वाळूच्या तळावर दगड ठेवणं म्हणजे वाळूतल्या जिवांची जागा घेऊन दगडावरच्या जिवांना देणं. कुठली जीवसृष्टी, कुणाच्या जागी, हे आधी ठरवावं लागतं. गॉर्मलींची कृती मला थोर वाटते. भरती चढताना गळ्यापर्यंत पाण्यात गेलेला तो स्थिर माणूस पाहून समुद्राची पातळी, काळ, आपलं मरण, सगळं मनात येतं. पण निसर्गसंवर्धन म्हणून तिचं कौतुक करणं बरोबर नाही, आणि तिने तसा दावा केलेलाही नाही.

दावा करणारी कामं दुसरीकडे आहेत. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळाने प्रवाळांची मोठी हानी केली. तिथल्या मोलिनेर उपसागरात जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकाराने २००६ मध्ये पाण्याखाली शिल्पं मांडली. मग मेक्सिकोत कानकूनजवळ त्याने शेकडो मनुष्याकृतींचं संग्रहालय केलं. त्याचं सिमेंट खास मिश्रणाचं असतं, कारण साधं सिमेंट पाण्यात बराच काळ क्षार सोडतं आणि लहान जिवांना ते मानवत नाही. कानकूनचा हेतूही स्पष्ट होता : दरवर्षी लाखो पर्यटक ज्या नैसर्गिक प्रवाळांवर पाय देतात, हात लावतात, त्यांतले काही इकडे वळावेत. प्रवाळांना थोडी उसंत मिळावी. हेतू प्रामाणिक आहे. पण समुद्राचं पाणी तापलं की शिल्पावरचं प्रवाळ आणि खडकावरचं प्रवाळ दोन्ही सारखीच पांढरी पडतात.

त्या तापमानाबद्दल बोलणारं एक शिल्प ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या किनाऱ्यावर आहे, टेलर यांचंच, २०१९ चं. पाण्यातल्या धक्क्याजवळ सुमारे ४ मीटर उंचीची एक मुलगी, हातात शंख धरलेली. त्या भागातल्या आदिवासी वुल्गुरुकाबा समाजातल्या मुलीवरून ती घडवली आहे. दूरच्या डेव्हिस रीफवरच्या केंद्रात मोजलेलं पाण्याचं तापमान तिच्यातल्या दिव्यांपर्यंत पोचतं, आणि रात्री तिचा रंग त्याप्रमाणे बदलतो. थंड पाण्याला निळा, तापत गेलं की तांबडा. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या माणसाला समुद्रात किती आत काय चाललं आहे हे एरवी कळत नाही. तो आकडा त्याच्या संध्याकाळच्या वाटेवर आणून उभा करणं, हे शिल्पाचं खरं सार्वजनिक काम आहे. हे शिल्प कुणाला घर देत नाही, कुणाला अडवत नाही. ते खरं सांगतं, आणि रोज सांगतं.

रात्रीच्या दिव्यांचा विषय निघालाच आहे तर कासवांबद्दल बोललं पाहिजे. किनारा सुशोभित करताना हल्ली कासव, डॉल्फिन, शंख असे आकार बसवायची पद्धत पडली आहे. सोबत सेल्फीचा कट्टा आणि भरपूर प्रकाशझोत. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंधाऱ्या, शांत पुळणीवर अंडी घालायला चढते. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे जातं, कारण निसर्गतः रात्री समुद्रावरचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. किनाऱ्यावर दिवे लावले की पिल्लं रस्त्याकडे वळतात. म्हणजे सिमेंटच्या कासवावर टाकलेला झोत जिवंत कासवाच्या पिल्लाला मारू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ पासून कासवांची घरटी राखली. तिथली पुळण त्यांनी मोकळी राखली आणि काळोख राखला.

मूर्ती पाण्यात सोडायची असते हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. शाडूची मूर्ती घडवायची, तिच्यात प्राण मानायचा, आणि ठरल्या दिवशी पाण्यात विरघळू द्यायची. टिकण्याचा अट्टाहास मनातून काढून टाकायला यापेक्षा मोठं शिक्षण नाही. पण प्लास्टर ऑफ पॅरिस आलं आणि विसर्जनातला अर्थ तसाच राहून पदार्थ बदलला. ते लवकर विरघळत नाही, त्याचे रासायनिक रंग पाण्यात उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला जे किनाऱ्यावर येतं ते पाहवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीला मनाई केली, तरी वाद चालूच राहिला. शाडू विरघळून जाते म्हणून समुद्राला चालते. संगमरवर विरघळत नाही, तरी चालतो. दोन्ही पदार्थ त्याला पूर्वीपासून माहीत आहेत. समुद्रात मूर्ती सोडणाऱ्या समाजाने आकाराआधी पदार्थाचा विचार करायला हवा, आणि तो करायची तालीम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतीच.

कोकणात तालामोनेचा एक पूर्वज आहे, तो म्हणजे विजयदुर्ग. या किल्ल्याजवळच्या समुद्रात पाण्याखाली एक दगडी बांध आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तो पाण्यात उतरून तपासला, मोजला : लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७ मीटर. शत्रूची खोल बुडाची जहाजं किल्ल्याजवळ येताना त्यावर आपटावीत म्हणून तो घातला असं मानलं जातं. आपल्या उथळ बुडाच्या गलबतांना तो अडवत नसे. वरून काही दिसत नाही, आणि ज्याला तळ माहीत नाही त्याचा घात होतो. पाण्याखाली दगड ठेवून किनारा राखायचा, ही बुद्धी इथल्याच मातीतली आहे.

आणि आज राखायला कारणही तालामोनेचंच आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन, एलईडी, मोठे ट्रॉलर यांच्यातला संघर्ष कित्येक वर्षं धुमसतो आहे. पाण्यात प्रखर दिवे सोडून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेला. तरी उथळ पाण्यात ट्रॉलर घुसल्याच्या तक्रारी मालवण-देवगडकडून येतच असतात. राज्याचा किनारा शेकडो किलोमीटरचा. गस्तीच्या बोटी किती असणार? फानचुल्लीला पडलेला प्रश्न इथल्या गाबीत मच्छीमारालाही पडलेला आहे.

सुरुवात झालेली नाही असं नाही. मुंबईत वरळी कोळीवाड्यासमोर २०२४ मध्ये कृत्रिम रीफचे २१० ठोकळे सोडले गेले. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या ४२ मच्छीमार गावांसमोर ६३०० ठोकळे टाकले, त्यांतला एक नमुना तर फुलाच्या आकाराचा आहे. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ, नौदलाने जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त केलेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करण्याची योजना राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने आखली. ऐंशीहून अधिक मीटर लांबीचं हे जहाज म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं पहिलं मोठं जलमग्न शिल्प ठरू शकतं. माझा त्याला विरोध नाही, पण काळजी आहे. कृत्रिम रीफभोवती मासे दिसू लागतात, हे नक्की. ते मासे तिथे नव्याने वाढले, की आसपासचे तिथे गोळा झाले, हा शास्त्रज्ञांमधला जुना वाद आहे. नुसते गोळा झाले असतील तर पकडणाऱ्याचं काम सोपं होतं आणि समुद्र अधिकच रिकामा होतो. त्यामुळे रीफभोवती मासेमारी कुणी करायची, किती करायची, हे ठरल्याशिवाय कुठलंही शिल्प, कुठलंही जहाज संवर्धनाच्या खात्यात मांडता येणार नाही. आधी त्या तळावर काय होतं याची नोंद हवी, नंतर दरवर्षी पाणबुड्यांनी मोजणी करायला हवी, आणि मोजणीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला काढलेला हवा. उद्‌घाटनाला निधी मिळतो, पाचव्या वर्षीच्या मोजणीला मिळत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

मुंबईबद्दल तर याहून मोठी गोष्ट करता येईल. किनारी रस्त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी १११ हेक्टर भराव झाला. भराव म्हटला की त्याच्या कडेला दगडाची आणि काँक्रीटची भिंत आली. या शहराचं सगळ्यात मोठं समुद्रशिल्प ती भिंतच आहे. सिडनी बंदराचा निम्म्याहून अधिक किनारा अशा भिंतींनी बांधलेला आहे. तिथे २०१८ पासून भिंतींवर खास घडवलेल्या फरशा बसवतात. कुठे खारफुटीच्या मुळांसारखे उंचवटे, कुठे ओहोटीतही पाणी धरून ठेवणाऱ्या खळग्या. गुळगुळीत भिंतीवर खेकड्याला आणि गोगलगायीला जिथे आसरा नव्हता तिथे तो मिळू लागला आहे. या फरशा दुरून कुणाला दिसत नाहीत, त्यांच्यासमोर फोटो काढत नाहीत. पण त्यांची नक्षी काढताना शिल्पकाराला खेकड्याच्या मापाने विचार करावा लागतो. असं काम मुंबईतल्या कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांपुढे का ठेवू नये?

कोकणासाठी दगड बाहेरून आणायची गरज नाही. जांभा आहे, काळा पत्थर आहे. विजयदुर्गाच्या तटातला जांभा साडेतीनशे वर्षं खाऱ्या वाऱ्याला तोंड देतो आहे, आणि त्याच्या अंगभर असलेली छिद्रं पाण्याखाली कवचधारी जिवांना उपयोगी पडतील. मूर्तिकारांची घरं सिंधुदुर्गात गावोगाव आहेत, सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. विषय इथल्याच समुद्राचे असोत : वागळी, मुशी, शंख, विजयदुर्गाहून शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवरचं प्रवाळ. किंवा विषय काहीच नसो, दगडात नुसत्या माशाच्या मापाच्या गुहा असोत.

मात्र क्रम चुकता कामा नये. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांना ते आपल्यावर लादलेलं वाटलं, आणि त्या अविश्वासाची किंमत अभयारण्याने आजवर मोजली. तालामोनेत दगड मागायला गेला तो मच्छीमार होता, शिल्पकार नंतर आले, सरकार त्याहून नंतर. इथेही कुणा मूर्तिकाराने छिन्नी उचलण्याआधी रापणकरांच्या संस्थेने समुद्राचा नकाशा पुढ्यात घेऊन बोट ठेवावं : ट्रॉलर रात्री इथून आत शिरतात, इथे मासा पिल्लं देतो, इथे आमची जाळी पडतात, तिथे दगड नको. त्या खुणा झाल्या की मग दगड किती लागेल, कुठला लागेल आणि तो कोण कोरेल, ते ठरवायला बसता येईल.